दादाचा पंखा

घरातला पंखा बिघडला तर माणूस बाजारात जातो, दोन-चार कंपन्यांची नावे ऐकतो, पाती पांढरी असावीत की तपकिरी यावरून घरी थोडी कुरबुर होते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत नवा पंखा छताला लटकून फिरूही लागतो. मी ज्या पंख्याची हकीकत सांगणार आहे तो बदलायला मला सात महिने लागले. हा पंखा छताला नसतो. होडीच्या मागच्या बाजूला, पाण्याखाली असतो. पुस्तकांत त्याला प्रॉपेलर म्हणतात. आमचे होडीवाले मामा त्याला नुसता ‘पंखा’ म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरणार आहे. तळहाताएवढी तीन पाती, मध्ये बैलगाडीच्या चाकाला असतो तसा तुंबा आणि वजन किलो-सव्वा किलो. एवढ्याशा वस्तूने मला या वयात गणित, पदार्थविज्ञान आणि थोडासा मनुष्यस्वभाव असे तीन विषय पुन्हा शिकवले.

होडी मूळची दादाची. माझा हा थोरला भाऊ मुंबईची नोकरी संपवून संगमनेरला कायमचा परतला तेव्हा त्याच्याबरोबर सामान फारसे नव्हते. परंतु ट्रकवर एक चौदा फुटी फायबरची होडी होती आणि तिच्या पोटात गोधडीत गुंडाळलेले पंधरा अश्वशक्तीचे इंजिन होते. आमच्या गावात प्रवरेला उन्हाळ्यात जेमतेम घोटाभर पाणी. आळीतल्या लोकांनी दादाला वेड्यात काढले. दादाने कोणाशी वाद घातला नाही. रीतसर परवानगीचे कागद केले, अकोले-राजूरच्या रस्त्याने होडी शेंडीला नेली आणि भंडारदऱ्याच्या पाण्यात सोडली.

भंडारदरा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत प्रवरा नदी अडवून इंग्रजांनी एक दगडी धरण बांधले. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. मागे पसरलेल्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. भिंतीपासून होडीने आत आत गेले की दुसऱ्या टोकाला रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी लागते आणि तिथे अमृतेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आहे. रस्त्यानेही जाता येते. परंतु दादाला आणि वहिनींना पाण्यावरूनच जायचे असे. दर त्रिपुरी पौर्णिमेला ती दोघे होडीने जात, देवळात पणत्या लावत आणि परत येत. तीन वर्षांपूर्वी दादा गेला आणि होडी माझ्याकडे आली. मी सदतीस वर्षे गणित शिकवले आहे. मला पोहता येत नाही. म्हणून मी नेहमी जीवरक्षक जाकीट घालून बसतो आणि होडी शेंडीचे मामा चालवतात.

आता आमच्या जिल्ह्याचा एक शब्द सांगतो, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही. तो शब्द ‘आवर्तन’. शहरातल्या माणसाला आवर्तन म्हटले की तबला नाही तर अथर्वशीर्ष आठवते. नगर जिल्ह्यात आवर्तन म्हणजे धरणातून कालव्याला ठरावीक मुदतीने सोडलेले पाणी. ‘आवर्तन कधी सुटणार’ हा प्रश्न आमच्याकडे लग्नाच्या मांडवातही विचारला जातो. अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर अशा तालुक्यांतला ऊस, कांदा, गहू या पाण्याकडे डोळे लावून असतो. साहजिकच दिवाळीला काठोकाठ भरलेला भंडारदरा एकेका आवर्तनाबरोबर खाली उतरत जातो. होडीवाल्याला याचा अर्थ असा की, माघात ज्या खडकावर दोन पुरुष पाणी होते त्याच खडकावर फाल्गुनात हातभरच राहते. समुद्रातला खडक आपली जागा सोडत नाही आणि त्याच्यावरच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक छापलेले मिळते. आमचा खडकही जागा सोडत नाही. पण त्याच्यावरचे पाणी पाटकऱ्यांच्या मागणीप्रमाणे हलते.

गेल्या फाल्गुनात वहिनींची पुण्याची नात सुटीला आली होती. वय वर्षे सात. तिला आजोबांच्या होडीत बसायचे होते. मामा इंजिनापाशी, मधल्या फळीवर वहिनी आणि नात, पुढे मी, असे चौघे निघालो. माणसे भरली की त्या होडीची एक खोड होती. इंजिन पुरते पिळले तरी ती उठत नसे. मागचे अंग पाण्यात बसवून आणि नाक वर करून, ओझ्याच्या गाडीला जुंपलेल्या थकल्या बैलासारखी ती चाले. मी पुढे बसूनही ते नाक काही खाली येत नसे. मी समजत होतो की इंजिन म्हातारे झाले. प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोल गाळून भरले. गुण येईना. एकदा तर इंजिन विकून टाकण्याचे मी मनात पक्के केले होते.

रतनवाडीच्या अलीकडे, पाणी जिथे चिंचोळे होते तिथे, खालून ‘खडाक्’ असा आवाज आला. होडीला धक्का बसला आणि पुढच्याच क्षणी इंजिन पिसाळल्यासारखे ओरडू लागले. आवाज दुप्पट, आणि होडी जागच्या जागी. दुपारचा वारा सुटला होता. तो आम्हांला आडवे करून कडेच्या काळ्या कातळाकडे ढकलू लागला. मुलीने आजीला मिठी मारली. वहिनींनी तोंडाने एक अक्षर काढले नाही. पण त्यांनी नातीच्या जाकिटाचा पट्टा मुठीत धरला होता आणि ती मूठ पांढरी पडली होती. मी वल्हे घेतले. ते एकच होते. दुसरे आपण कधी बरोबर घेतलेच नव्हते, हे मला त्या वेळी कळले.

मामांनी इंजिन बंद केले, बांबूने कातळाला रेटा दिला आणि पुन्हा इंजिन सुरू केले. पण या वेळी अगदी मंद. होडी हलली!

“गुरुजी, जोर नका करू,” मामा म्हणाले. “हळू ठिवलं तर धरतंय. जोर केला की सुटतंय.”

ते कासवगतीने आम्हांला काठाला घेऊन आले. काय झाले होते ते नंतर कळले. पंख्याचा तुंबा इंजिनाच्या दांड्यावर थेट बसवलेला नसतो; मध्ये रबराचे एक अस्तर दाबून भरलेले असते. पंखा दगडावर आपटला की ते रबर घसरते आणि धक्का आतल्या दात्यांपर्यंत पोचत नाही. आमच्या पंख्याचे एक पाते अर्धे उडाले होते आणि रबर सुटले होते. मंद फिरवले की ते चिकटून राही, जोर लावला की घसरे. मामांना हे कोणी शिकवलेले नव्हते. त्यांच्या हाताला ते समजले.

आणि आपटलो का? मामांच्या डोळ्यांना तर पाण्याचा रंग वाचता येतो! मी विचारले तेव्हा ते जरा संकोचूनच म्हणाले, “नाक वर व्हतं ना होडीचं. म्होरलं पानीच दिसंना.”

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतले. दगड हे अपघाताचे शेवटचे कारण होते, पहिले नव्हे. होडीचे नाक वर का, हा खरा प्रश्न होता. मी मोडका पंखा पिशवीत घालून संगमनेरला आणला, उन्हात पुसला आणि तुंब्यावर कोरलेले आकडे भिंगातून वाचले. सव्वा नऊ बाय अकरा.

पहिला आकडा सोपा. पंखा फिरताना जे वर्तुळ आखतो त्याचा व्यास सव्वा नऊ इंच. दुसऱ्याने मात्र मला आठवडाभर खेळवले. त्याला पिच म्हणतात. बोल्टवर नट एक फेरा फिरवला की तो एका आट्याइतका पुढे सरकतो. पंखाही पाण्यातले मळसूत्रच आहे. पाणी लाकडासारखे घट्ट असते तर आमचा पंखा एका फेऱ्यात अकरा इंच पुढे गेला असता. पण पाणी लाकूड नव्हे. चिखलातून चालताना पाऊल थोडे मागे घसरते, तसा पंखा पाण्यात घसरतो. ही घसर म्हणजे दोषच असे मी प्रथम समजलो होतो. तसे नाही. पाण्याला मागे ढकलल्यावाचून होडी पुढे जात नाही, म्हणून थोडी घसर हवीच. ती किती, एवढाच प्रश्न.

मग मी गणित मांडले. आमच्या इंजिनात तेरा दात्यांचे लहान चाक सत्तावीस दात्यांचे मोठे चाक फिरवते. म्हणजे इंजिनाचे साधारण दोन फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो. इंजिनाबरोबरच्या पुस्तिकेत लिहिले होते की, पूर्ण जोर दिल्यावर इंजिनाचे मिनिटाला ५००० ते ६००० फेरे झाले पाहिजेत. कमी झाले तर इंजिन गुदमरते, जास्त झाले तर स्वतःला झिजवून घेते. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. पंख्याचे पिच जास्त असले की दर फेऱ्याला जास्त अंतर; पण तो फेरा पुरा करायला जोरही जास्त. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेलेल्या ट्रॅक्टरसारखी गत. आवाज मोठा, धूर मोठा, प्रगती नाही.

दादाने अकराचा पंखा का घेतला, याचे उत्तर त्याच्या वहीत सापडले. दादा फार टापटिपीचा. वहीत मुंबईच्या खाडीतल्या चाचणीची नोंद होती: ‘एकटा. पूर्ण जोर. ५७०० फेरे. उत्तम.’ खरेच उत्तम होते. समुद्रसपाटीला, नव्या इंजिनाने, एकट्या माणसाला घेऊन अकराचा पंखा अगदी योग्य होता. पण भंडारदरा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. वर हवा विरळ, म्हणून इंजिनाचा श्वास तोकडा. दर तीनशे मीटरला शंभरातले सुमारे तीन हिस्से बळ कमी होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे आमच्या पंधरा घोड्यांपैकी एक घोडा घाटाखालीच थांबतो! उरलेल्या चौदांनी चार माणसे, पेट्रोलची टाकी आणि वहिनींचा नैवेद्याचा डबा ओढायचा.

तरी नवा पंखा घेण्याचे माझ्या मनात लगेच आले नाही. मास्तराचा हात खिशाकडे सावकाश जातो. आमच्याकडे ॲल्युमिनियम जोडणारा एक हुशार कारागीर आहे. त्याने उडालेले पाते भरून, घासून इतके हुबेहूब केले की मलाच ते ओळखू येईना. शेजारच्या लेथवाल्याने तुंब्यात खटपट करून नवे रबर दाबून बसवले. मात्र कारागीर प्रामाणिक होता. “गुरुजी, दिसायला सारखं झालं,” तो म्हणाला, “पण तिन्ही पात्यांचं वजन आणि पीळ सारखाच आहे हे मी सांगू शकत नाही.” आणि तसेच झाले. पंखा फिरला, पण इंजिनाच्या मुठीला बारीक थरथर येऊ लागली. मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा फिरणाऱ्या वस्तूत एक पाते गुंजभर जड असले तरी ते दांडा हलवते. दांडा हलला की त्याभोवतीची रबरी सीलं झिजतात आणि सीलं झिजली की पाणी आतल्या तेलात शिरते. तेल दुधाळ दिसू लागले की समजावे, खर्च दाराशी आला.

त्या जोडलेल्या पंख्याने एक उपकार मात्र केला. मी फेरे मोजण्याचे काडेपेटीएवढे यंत्र मागवले होते. त्याची तार प्लगच्या वायरीभोवती गुंडाळली की आकडा दिसतो. वैशाखात, भिंतीजवळच्या खोल पाण्यात, आम्ही मोजणी केली. मामा एकटे बसले तेव्हा ५३०० फेरे आणि ताशी ३३ किलोमीटर. मग मी, मामांची बायको आणि त्यांचा लहान मुलगा चढलो. ४६०० फेरे आणि ताशी १३ किलोमीटर! नाक आकाशाकडे. एकट्याला जे इंजिन पुरून उरत होते ते चौघांना घेऊन धापा टाकत होते. म्हातारपणाचा ठपका मी इंजिनावर दोन वर्षे ठेवला होता. मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली.

ठोकताळा असा आहे की, पिच एक इंचाने उतरवले की इंजिनाचे दोनशेच्या आसपास फेरे वाढतात. नवाचा पंखा घेतला तर चौघांना घेऊन ५०००, म्हणजे नुसते काठावर पास. आठाचा घेतला तर ५२००, आणि मामा एकटे असले तर ५९००. दोन्ही आकडे मर्यादेत. गणिताने आठ सांगितले. पण पंखे गणिताने निवडले जात असते तर ही हकीकत इथेच संपली असती.

पुण्याच्या पुतण्याला मी हे फोनवर सांगितले. तो इंजिनिअर आहे. त्याला गणित समजायला दोन मिनिटे लागली नाहीत. तरी तो गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, बाबांनी अकराचा लावला होता. तोच घ्या ना. हवा तर स्टीलचा घ्या, मी पैसे पाठवतो.”

यावर मी काय बोलणार? दादाच्या खुंटीवरची टोपी वहिनींनी अजून काढलेली नाही. त्याच्या वहीत ‘उत्तम’ असा शेरा असताना मी, ज्याला पोहताही येत नाही, त्याच्या होडीवर खालच्या नंबराचा पंखा लावायचा! मलाही ते कमी केल्यासारखे वाटत होते. नंबर कमी म्हणजे मान कमी, अशी आपली एक समजूत असते.

स्टीलचा विचार मात्र मी सोडला आणि त्याचे कारण पुतण्यालाही पटले. स्टीलचे पाते पातळ, ताठ आणि बळकट असते. समुद्रात त्याला तोड नाही. पण किंमत कितीतरी जास्त, आणि आमच्या काळ्या दगडावर ते सहजी वाकत किंवा तुटत नाही. मग रबराला न पेलणारा धक्का आतल्या दात्यांना आणि दांड्याला बसतो. ॲल्युमिनियमचे पाते मोडते आणि मोडून आतले महागडे यंत्र वाचवते. ज्या पाण्यात दगड लागणारच, तिथे मोडणारी वस्तू बाहेर असावी आणि न मोडणारी आत. प्लॅस्टिकच्या जातीचेही पंखे मिळतात, स्वस्त आणि हलके. पण पाते उडाले तर दुरुस्ती नाही. चार पात्यांचा पंखा मंद गतीला पाणी चांगले धरतो म्हणतात. माझ्या मापात तो सहज मिळेना, म्हणून तो प्रश्न आपोआप मिटला.

या दिवसांत मी एक जुनी हकीकत वाचली आणि तिने माझी भीड थोडी चेपली. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक शेतकरी होता. होय, शेतकरी! त्याने १८३६ साली मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पहिला पंखा लाकडी होता आणि खऱ्या स्क्रूसारखा, दोन पूर्ण वेढ्यांचा. जितके वेढे जास्त तितका जोर जास्त, अशी त्याची समजूत. १८३७ साली लंडनजवळच्या कालव्यात चाचणी चालू असताना पंखा कशाला तरी आपटला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. आता होडी थांबणार, असे सर्वांना वाटले. ती जास्त वेगाने धावू लागली! स्मिथने तुटलेला भाग पुन्हा जोडला नाही. पुढचे पंखेच आखूड केले. आठ वर्षांनी, १८४५ साली, इंग्रजी आरमाराने पंख्याचे ‘रॅटलर’ आणि बाजूला मोठी चाके असलेले ‘अलेक्टो’ अशी दोन जहाजे शेपटीला शेपटी बांधून ओढायला लावली आणि पंख्याच्या जहाजाने चाकांच्या जहाजाला उलटे फरफटत नेले. त्या विजयाच्या मुळाशी एक मोडलेले लाकूड आणि ते पूर्वीसारखे जोडण्याचा हट्ट न धरणारा एक शेतकरी होता.

तरीही शेवटचा शब्द वहिनींचा, असे मी ठरवले. होडी कागदोपत्री माझ्याकडे आली असली तरी ती कोणाची आहे हे मला ठाऊक आहे. श्रावणातल्या एका दुपारी मी दादाची वही आणि माझा आकड्यांचा कागद घेऊन त्यांच्यापुढे बसलो. पिच, फेरे, घसर, साडेसातशे मीटर, सगळे सांगितले. त्या वाल सोलत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी वही हातात घेतली, ते पान पाहिले आणि एका शब्दावर बोट ठेवले. ‘एकटा.’

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “यांनी हे लिहिलं तेव्हा हे एकटे होते ना होडीत? मग आम्ही दोघं जायला लागलो तेव्हाही होडी जरा जडच चालायची. हे म्हणायचे, वारा आहे. दर वर्षी वाराच असायचा.” आणि त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “यांना वेगाची हौस होती. मला कुठं घाई आहे? पोरीला पुढचं पाणी दिसलं पाहिजे, एवढं बघा.”

सात महिन्यांत मला कोणीही, पुस्तकानेही, प्रश्न इतका सरळ करून दिला नव्हता. पंखा विकत घेताना आपण किती वेगाने जाऊ, हे सगळे विचारतात. कोणाला घेऊन जाणार आहोत, हे आधी विचारायला हवे. दादाचे काही चुकले नव्हते. त्याने एकट्याच्या होडीसाठी निवड केली होती आणि ती बिनचूक होती. नंतर होडीत माणसे वाढली, होडी डोंगरावर आली, इंजिनाचे वय वाढले. बदलला नाही तो एक आकडा.

भाद्रपदात मी मुंबईला गेलो. नमुना म्हणून जुना पंखा पिशवीत होताच, कारण नुसते माप सांगून भागत नाही. दांड्यावर बसणाऱ्या तुंब्यातल्या खाचा किती, हे जुळावे लागते. आमच्या आठ आहेत. दुकानदाराने आधी दहाचा पुढे केला. “गिऱ्हाइकं हाच नेतात,” म्हणाला. मी आठाचा मागितला तेव्हा त्याने चश्म्यावरून पाहिले आणि विचारले, “ओझं असतं का?” मी म्हणालो, “माणसं असतात.” त्याने मुकाट्याने वरच्या फळीवरचा डबा काढला. पंख्याबरोबर मी एक जादा नट, त्याची जादा पिन, तो सोडवण्याचा पाना आणि दुसरे वल्हे घेतले. घरी आल्यावर हिने वल्ह्याकडे पाहून विचारले, “हे कुठं ठेवायचं?” मी म्हणालो, “होडीत.” ते आधीच तिथे असायला हवे होते.

पाऊस ओसरला, धरण काठोकाठ भरले आणि आश्विनात आम्ही नवा पंखा बसवला. दांड्याला ग्रीस लावताना मामांनी तुंब्यामागे बोट फिरवून पाहिले. तिथे मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा बारीक गुंडाळला होता. असा दोरा आत सरकून सील कापतो आणि बाहेरून दिसतही नाही. तेव्हापासून दर खेपेला पंख्यामागे बोट फिरवण्याचा नेम आम्ही केला आहे.

पहिल्या चाचणीला मामा एकटे गेले. ५९०० फेरे, ताशी २८ किलोमीटर. पूर्वीपेक्षा पाचने कमी. काठावर उभे असलेल्या पुतण्याने माझ्याकडे पाहिले; काही बोलला नाही. मग आम्ही चढलो. मामा, वहिनी, नात आणि मी. मामांनी मूठ पिळली. होडीने क्षणभर नेहमीसारखे नाक वर केले. मी डोळे मिटून घेतले होते. मग पोटाखाली काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले आणि डोळे उघडले तो होडी पाण्यावर आडवी होऊन, नाक खाली घेऊन, सरळ धावत होती. यंत्रावर आकडा होता ५२५०. ताशी २२ किलोमीटर. फाल्गुनात याच चौघांना घेऊन हीच होडी तेराने रखडत होती.

म्हणजे झाले काय पाहा. एकट्याने गेलो तर होडी पहिल्यापेक्षा सावकाश जाते, आणि सगळ्यांना घेऊन गेलो तर लवकर पोचते. मी फळ्यावर सदतीस वर्षे उदाहरणे सोडवली. इतके समाधान देणारे उत्तर फार थोड्यांचे आले असेल.

“आजी, पुढचं सगळं दिसतंय!” नात ओरडली. खरेच दिसत होते. रतनगडाचा सुळका, त्याच्याखालची हिरवी उतरण, आणि आमच्यापुढचे शंभर हात पाणी, त्यातली प्रत्येक लाट.

जुना पंखा मी टाकलेला नाही. होडीच्या पेटीत, पान्याशेजारी, फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. नवा कधी दगडावर आपटलाच तर हळूहळू घरी येण्यापुरता तो चालेल. मामांच्या भाषेत, हळू ठेवला तर धरेल. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने तो हातात घेतला, कोरलेले आकडे अंगठ्याने पुसले आणि परत ठेवला. “बाबांचा स्टेपनी झाला,” म्हणाला. आणि प्रथमच हसला.

दादाच्या वहीत त्या नोंदीखाली जागा रिकामी होती. मी तिथे लिहिले आहे: ‘चौघे. पूर्ण जोर. ५२५० फेरे.’ शेरा लिहायला पेन उचलले आणि थांबलो. तो शेरा येत्या त्रिपुरी पौर्णिमेला, अमृतेश्वराला पणत्या लावून होडी काठाला लागल्यावर, वहिनींनी लिहावा असे मनात आहे. त्यानंतर पहिले आवर्तन सुटेल आणि आमचे खडक हळूहळू वर येऊ लागतील.